‘कोणी आहे का?’ असे विचारणारा दिवा

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने दिव्यांवर लेख लिहावा, याचे विज्ञान शाखेतील आमच्या मित्रमैत्रिणींना थोडे नवल वाटेल. परंतु दिवा कसा पेटतो हा त्यांचा विषय असला, तर पेटलेला दिवा कोणाच्या खात्यावर जळतो हा आमचा विषय आहे. खोलीत माणूस आहे की नाही हे स्वतः ओळखून पेटणारे आणि विझणारे दिवे आता मोठ्या कचेऱ्यांत, रुग्णालयांत, विमानतळांवर आणि स्वच्छतागृहांत सर्रास दिसतात. आपल्यासारख्या महाविद्यालयांतही ते बसवावेत की काय, अशी चर्चा अधूनमधून होते. ते कसे चालतात, त्यांत खरोखर पैसा वाचतो का, आणि ते कोठे चुकतात, हे वाचकांपुढे ठेवावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम माझ्या गावाविषयी थोडे. आमचे मोहगाव मध्य प्रदेशात, सौंसर तहसिलीत आहे. पूर्वी ही तहसील छिंदवाडा जिल्ह्यात होती. ऑक्टोबर २०२३ पासून पांढुर्णा आणि सौंसर मिळून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. राज्य हिंदी भाषेचे, पण घराघरांतली भाषा मराठी. कापूस आणि संत्री ही तिकडची पिके. आई बेळगावकडची, म्हणून दहावी-बारावी मराठी माध्यमातून झाल्यावर मी पुढच्या शिक्षणासाठी इकडे मामांकडे आले आणि आईची कन्नडही थोडीफार जिभेवर आली. मोहगावच्या आमच्या घरात विजेची बचत शिकवायला कोणत्याही यंत्राची गरज पडलेली नाही. रिकाम्या खोलीत दिवा दिसला की आजीचा आवाज येतो, “खोलीत कोनी नाही, मंग लाइट कोनासाठी जळून राह्यला?” या एका प्रश्नात या लेखाचा सारा विषय आलेला आहे.

दिवा कोणाचा?

घरातला दिवा घरातली माणसे विझवतात, कारण बिल त्यांनाच भरावयाचे असते. तीच माणसे कचेरीत, वसतिगृहात किंवा वर्गात गेली की दिवा तसाच ठेवून बाहेर पडतात. त्यांचा स्वभाव दोन तासांत बदलतो असे मुळीच नाही. वसतिगृहाचे शुल्क वर्षाच्या सुरुवातीला ठरलेले असते. दिवा विझवला म्हणून त्यातला एक पैसा परत मिळत नाही आणि जळत ठेवला म्हणून एक पैसा जास्त द्यावा लागत नाही. बटण दाबण्याचा त्रास एकाला आणि त्याचा फायदा दुसऱ्याला, अशी ही विभागणी आहे. अर्थशास्त्राच्या तासाला आपण सामाईक कुरणाचे उदाहरण शिकतो. जे कुरण सर्वांचे, त्याची राखण कोणीच करीत नाही. सामाईक दिव्याचीही तीच गत होते.

यावर जुना उपाय म्हणजे शिपाईमामा. संध्याकाळी किल्ल्यांचा जुडगा घेऊन ते प्रत्येक खोलीत डोकावतात, कोणी नाही हे पाहतात आणि बटण दाबतात. शिपाईमामा हा एक उत्तम सेन्सर आहे. तो खोलीत वाकून पाहतो, कोपऱ्यात मान खाली घालून वाचत बसलेली मुलगी त्याला दिसते, आणि शंका आली तर तो हाक मारून विचारतो. त्याची मर्यादा इतकीच की तो दर दहा मिनिटांनी सर्व खोल्यांत जाऊ शकत नाही. यंत्राकडून आपल्याला हेच फेरी मारण्याचे काम करून घ्यावयाचे आहे. प्रश्न असा, की यंत्राला ‘कोणी आहे का?’ हे विचारायला शिकवायचे कसे?

आगगाडीने दिलेले पहिले उत्तर

या प्रश्नाचे फार जुने आणि फार चांगले उत्तर इमारतींत सापडत नाही, ते रेल्वेच्या रुळांत सापडते. इ. स. १८७२ मध्ये अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन याने ‘ट्रॅक सर्किट’ नावाच्या योजनेचे पेटंट घेतले. रुळांचा एक तुकडा दोन्ही टोकांस वीज न वाहणाऱ्या सांध्यांनी वेगळा करावयाचा. त्याच्या एका टोकाला बॅटरी आणि दुसऱ्या टोकाला रिले, म्हणजे विजेच्या जोरावर उचलला जाणारा एक खटका. रूळ मोकळे असतील तर वीज एका रुळातून जाऊन रिलेतून फिरून दुसऱ्या रुळातून परत येते व खटका उचललेला राहतो. गाडी त्या तुकड्यावर आली की तिची लोखंडी चाके आणि आस दोन्ही रूळ जोडून टाकतात, वीज तेथूनच परत फिरते, रिलेपर्यंत पोचत नाही, खटका पडतो आणि सिग्नल लाल होतो.

यातले खरे मर्म पुढे आहे. समजा बॅटरी संपली, तार तुटली किंवा रुळालाच तडा गेला. तरीही खटका पडतो आणि सिग्नल लालच होतो. म्हणजे यंत्र बिघडले तर ते ‘गाडी आहे’ असे म्हणते, ‘मार्ग मोकळा आहे’ असे कधी म्हणत नाही. शंका आली तर ‘आहे’ असे धरावे, हा तो नियम. पुढे इमारतींतल्या सेन्सरांचा विचार करताना हा नियम आपण हाताशी ठेवू.

रुळांवरची ही माहिती दिव्यांसाठी वापरण्याचे उदाहरण आमच्या मुलखाजवळच घडले आहे. छिंदवाड्याच्या उत्तरेस लागून नरसिंहपूर जिल्हा आहे. पश्चिम मध्य रेल्वेने २०२० साली भोपाळ, जबलपूर आणि नरसिंहपूर या स्थानकांवर फलाटांचे दिवे सिग्नलांशी जोडले. गाडी स्थानकाच्या हद्दीत शिरू लागली की फलाटावरचे सर्व दिवे लागतात. गाडी निघून गेली की त्यांतले निम्मे आपोआप विझतात. ज्यांनी रात्री अडीच वाजता लहान स्थानकावर गाडीची वाट पाहिली आहे त्यांना कळेल, की दोन गाड्यांच्या मधल्या वेळात फलाटाला पूर्ण उजेड लागत नाही, पण अंधारही चालत नाही. म्हणून निम्मे दिवे चालूच ठेवले आहेत. फलाटावर पेंगणाऱ्या उतारूंना मोजण्याच्या भानगडीत ही योजना पडत नाही. गाडी येत आहे ही पक्की माहिती सिग्नलकडे आधीच असते, तिचाच उपयोग करून घेतला. नवे यंत्र विकत घेण्यापूर्वी हाताशी असलेली माहिती वापरावी, हा हिशेबी धडा त्यात आहे.

अंगाच्या उबेवरून माणूस ओळखणे

माणसाला मात्र लोखंडी चाके नाहीत. त्याला ओळखावयाचे तर त्याची दुसरी काही खूण शोधावी लागते. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त खपणारा सेन्सर अंगाची ऊब ओळखतो. छतावर किंवा भिंतीच्या कोपऱ्यात लिंबाएवढी पांढरी, दुधट प्लॅस्टिकची टोपी आपण पाहिली असेल, तो हा.

प्रत्येक उबदार वस्तू डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण बाहेर टाकते. दिसणाऱ्या उजेडाची तरंगलांबी सुमारे ०.४ ते ०.७ मायक्रॉन असते. माणसाच्या अंगातून निघणाऱ्या किरणांचा जोर ९ ते १० मायक्रॉनच्या आसपास असतो. काही स्फटिकांचा गुणधर्म असा की त्यांचे तापमान बदलले की त्यांच्यावर क्षणभर विद्युतभार उमटतो. सेन्सरमध्ये अशा स्फटिकाचे दोन लहान तुकडे उलटसुलट जोडलेले असतात. सारी खोलीच हळूहळू तापली तर दोघांवर सारखा परिणाम होतो आणि तो परस्परांत वजा होऊन जातो. माणूस चालत गेला तर त्याची ऊब आधी एका तुकड्यावर आणि मग दुसऱ्यावर पडते, तेव्हा वजाबाकी शून्य येत नाही आणि दिवा लागतो.

वरची टोपी ही नुसती झाकण नाही. तिच्यावर बारीक वर्तुळाकार खाचा असतात. फ्रेनेल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने दीपगृहांसाठी अशा पायऱ्यापायऱ्यांच्या भिंगाची योजना केली आणि ते १८२३ मध्ये फ्रान्समधील कोर्दुआँच्या दीपगृहात बसवले गेले. दीपगृहात ते भिंग उजेड दूर फेकते. सेन्सरमध्ये तेच भिंग उलट दिशेने काम करून खोलीभरची ऊब गोळा करते आणि खोलीचे पंख्याच्या पात्यांसारखे पट्टे पाडते. एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात जाणारा माणूस त्याला चटकन कळतो. सरळ सेन्सरच्या रोखाने चालत येणारा माणूस उशिरा कळतो. म्हणून सेन्सर दाराच्या अगदी समोर न लावता, दारातून आत येणारा माणूस त्याच्यापुढून आडवा जाईल अशा जागी लावावा. काचेतून हे किरण पार होत नाहीत, त्यामुळे काचेच्या तावदानापलीकडचा माणूस या सेन्सरला दिसत नाही.

आता यातल्या उणिवा पाहू. पहिली आमच्या मोहगावची. हा सेन्सर माणूस ओळखत नाही. माणसाचे अंग आणि मागची भिंत यांतला तापमानाचा फरक ओळखतो. बेळगावच्या थंड हवेत हा फरक भरपूर असतो. मे महिन्यात आमच्याकडे पारा चाळिशीच्या बराच वर जातो आणि दिवसभर तापलेली भिंत सूर्यास्तानंतरही कातडीइतकीच गरम असते. तेव्हा माणूस आणि भिंत सेन्सरला एकसारखीच वाटतात, आणि तो जवळ जवळ आंधळा होतो. थंड देशांत तयार झालेली वस्तू आपल्याकडे घेताना तिच्या पेटीवरचा अंतराचा आकडा आपल्या उन्हाळ्याला लागू पडेलच असे नाही.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. स्फटिक फक्त बदल झाला तरच बोलतो. माणूस स्थिर बसला की बदल थांबतो आणि सेन्सरच्या लेखी खोली रिकामी होते. कन्नड विभागातील माझ्या मैत्रिणीच्या भाषेत सांगायचे तर तो ‘यारू इल्ल’ म्हणून मोकळा होतो. इंग्रजीत याला माणूस असण्याचा सेन्सर म्हणतात, पण खरे तर तो माणूस हलण्याचा सेन्सर आहे. मन लावून वाचणारा विद्यार्थी हा त्याच्या दृष्टीने गैरहजर विद्यार्थी ठरतो. एका अभ्यासिकेत मी हे पाहिले आहे: सर्व वाचक गढून गेले की दिवे विझावयाचे, मग कोणीतरी हात वर करून हवेत हलवावयाचा आणि दिवे पुन्हा लागावयाचे. रेल्वेचा खटका शंका आली तर ‘आहे’ म्हणतो. हा सेन्सर शंका आली तर ‘नाही’ म्हणतो. दोघांतला हा फरक लक्षात घेतल्याशिवाय कोणीही खरेदीच्या कागदावर सही करू नये.

या दोषावर इलाज शोधले गेले आहेत. एक म्हणजे विलंब. शेवटची हालचाल झाल्यावर लगेच दिवा न विझवता दहा, पंधरा किंवा वीस मिनिटे थांबावयाचे. दुसरा इलाज ध्वनीचा. माणसाला सुमारे २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. २५ ते ४० हजार कंपनांचा, कानांना न कळणारा आवाज खोलीत सोडावयाचा आणि परत येणारा प्रतिध्वनी तपासावयाचा. हलणाऱ्या वस्तूवरून परतणाऱ्या आवाजाची पट्टी किंचित बदलते. डॉप्लरने १८४२ मध्ये मांडलेले हे तत्त्व. चोर पकडण्याच्या घंटांसाठी ते १९५० च्या दशकातच वापरात आले. या पद्धतीने पान उलटणारा हातही कळतो आणि कपाटाआडचा माणूसही. मात्र फिरणारा पंखा आणि हलणारा पडदा यांनाही तो माणूस समजण्याचा धोका असतो, आणि आपल्याकडे पंख्याशिवाय वर्ग नाही.

म्हणून काही कंपन्यांनी ऊब आणि ध्वनी दोन्ही एका डबीत घातले आणि एक शहाणा नियम केला: दिवा लावण्यासाठी दोघांचे एकमत हवे, पण चालू ठेवण्यासाठी एकाचा होकार पुरे. पाहा, रॉबिन्सनचा नियम येथे पुन्हा आला. अलीकडे रडारचे सेन्सरही निघाले आहेत. ते श्वासोच्छ्वासाबरोबर होणारी छातीची हालचालही टिपतात, म्हणजे स्थिर बसलेला माणूस त्यांना कळतो. ते साध्या सेन्सरांहून महाग पडतात.

दोन तारांची भाषा

माणूस ओळखला, आता दिव्याला सांगावयाचे कसे? जुन्या पद्धतीत बटण आणि दिवा यांचे नाते तारेने कायमचे बांधलेले असते. फार तर दिवा मंद करावयाचा असेल तर मध्ये रोधक घालीत. पण त्यात उजेड कमी झाला तरी उरलेली वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाई. अमेरिकेत जोएल स्पायरा याने १९५९ मध्ये घरच्या रिकाम्या खोलीत प्रयोग करून, भिंतीतल्या बटणाच्या पेटीत मावेल असा अर्धवाहक साधनावरचा मंदक तयार केला आणि १९६१ मध्ये ‘लुट्रॉन’ ही कंपनी काढली. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तने करते, म्हणजे १०० अर्ध्या लाटा. हा मंदक प्रत्येक अर्ध्या लाटेत थोडा उशिरा दार उघडतो. जितका उशीर तितका उजेड कमी. वीज अडवून जाळावयाची नाही, आतच घ्यावयाची नाही, हा त्यातला फरक.

पुढची पायरी अंकांची. १९९० च्या दशकात युरोपातील कंपन्यांनी ‘डाली’ नावाची एक सामाईक पद्धत ठरवली. ती आता आंतरराष्ट्रीय प्रमाण झालेली आहे. सर्व दिव्यांना जोडणाऱ्या दोन बारीक तारा असतात आणि त्यांवरून अंकांत हुकूम जातात. प्रत्येक दिव्याला सहा अंकी द्विमान पत्ता असतो, म्हणून एका जोडीवर ६४ दिवे बसतात. त्यांचे १६ गट करता येतात आणि १६ ठरीव प्रसंग साठवता येतात. एका मोठ्या वाड्यात ६४ बिऱ्हाडे आहेत आणि पोस्टमन एकच आहे, असे समजावे. पत्र सर्वांच्या दारावरून जाते, पण ज्याचा पत्ता असेल तोच ते उघडतो.

याचा व्यवहारात फायदा असा की फळ्याजवळचे दिवे एका गटात, खिडकीजवळचे दुसऱ्या गटात ठेवता येतात. खिडकीतून ऊन आले तर उजेड मोजणारा सेन्सर खिडकीजवळची रांग मंद करतो. उद्या एका हॉलचे दोन वर्ग केले तर भिंत फोडून तारा बदलाव्या लागत नाहीत, गट बदलला की काम होते. शिवाय दिवा उलट उत्तरही देऊ शकतो. कोणता दिवा बंद पडला हे शिपाईमामांनी शिडी घेऊन शोधत बसावे लागत नाही.

जमाखर्च

आता आमच्या शाखेचा भाग. पुढील आकडे मी उदाहरणासाठी धरलेले आहेत; आपापल्या बिलाप्रमाणे वाचकांनी ते बदलून पाहावेत.

एका वर्गात ८ दिवे आणि ६ पंखे आहेत. वर्ष २०० कामाच्या दिवसांचे. रोज ६ तास दिवे-पंखे चालू असतात आणि त्यांतले २ तास वर्ग रिकामा असतो, म्हणजे वर्षाला ४०० तास फुकट. विजेचा दर युनिटला ८ रुपये. दोन सेन्सर आणि जोडणी मिळून खर्च ४,००० रुपये.

दिवे जुन्या ट्यूबलाइटचे असतील तर चोकसह एकीला सुमारे ५५ वॅट, आठांना ४४० वॅट. ४०० तासांत १७६ युनिटे, म्हणजे १,४०८ रुपये. सेन्सरचा खर्च तीन वर्षांच्या आत वसूल होतो. दिवे २० वॅटच्या एलईडी पट्ट्यांचे असतील तर आठांना १६० वॅट. ६४ युनिटे, ५१२ रुपये. तोच खर्च वसूल व्हायला जवळ जवळ आठ वर्षे लागतात. तोवर सेन्सर टिकेल का, हाच प्रश्न.

आता पंख्यांकडे पाहा. जुन्या पद्धतीचा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो. सहांचे ४५० वॅट, ४०० तासांत १८० युनिटे, १,४४० रुपये. म्हणजे एलईडीच्या वर्गात रिकाम्या वेळी दिव्यांपेक्षा पंखे जवळ जवळ तिप्पट वीज खातात. सेन्सरला दिव्यांबरोबर पंखेही जोडले तर वर्षाला १,९५२ रुपये वाचून खर्च सुमारे दोन वर्षांत निघतो. मात्र पंखा ही मोटार असल्यामुळे तो भार झेलू शकेल असाच खटका घ्यावा लागतो.

आणखी एक हिशेब. सेन्सर न बसवता नुसत्या ट्यूब काढून एलईडी बसवल्या तर दर तासाला २८० वॅट वाचतात. १,२०० तासांत ३३६ युनिटे, २,६८८ रुपये. एक पट्टी २५० रुपयांना धरली तर आठांचे २,००० रुपये वर्षाच्या आतच परत येतात. तेव्हा आधी दिवा बदलावा, मग पंखा, आणि मग सेन्सरचा विचार करावा, असा क्रम हिशेबाने ठरतो. आणि हो, सेन्सरलाही पोट आहे. रात्रंदिवस जागा राहणारा सेन्सर अर्धा वॅट जरी घेत असला तरी दोन सेन्सर वर्षात सुमारे ९ युनिटे, म्हणजे सत्तर रुपये खातात.

ही सारी उलथापालथ निळ्या एलईडीने केली. तिच्या शोधाबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले आणि जानेवारी २०१५ मध्ये आपल्याकडे ‘उजाला’ योजना सुरू होऊन एलईडी बल्ब स्वस्त झाले. ऊर्जा दक्षता ब्यूरोची इमारतींसाठीची ऊर्जा संहिता मात्र २००७ ची, ट्यूबलाइटच्या काळातली. ५०० चौरस मीटरहून मोठ्या इमारतींत दिवे आपोआप बंद होण्याची सोय असावी आणि बैठकीच्या खोल्या, साठवणीच्या खोल्या व शाळांचे वर्ग यांत माणूस ओळखणारे सेन्सर असावेत, असे तिने सांगितले. इतर ठिकाणी सेन्सर वापरल्यास माणूस गेल्यावर ३० मिनिटांत दिवा विझावा, असे होते; २०१७ च्या सुधारित संहितेत ही मुदत १५ मिनिटांवर आली. संहिता मोठा वीजभार असलेल्या व्यापारी इमारतींसाठी आहे, त्यामुळे लहान महाविद्यालयांना तिचे बंधन बहुधा पडत नाही. पण २००७ च्या संहितेतील एक अट सर्वांनी घेण्यासारखी आहे: सेन्सर असला तरी भिंतीवर हाताने चालवावयाचे बटण असलेच पाहिजे.

दिवा काय लिहून ठेवतो?

विजेची बचत कमी होत चालली तसे सेन्सर विकणाऱ्यांनी दुसरे गिऱ्हाईक शोधले. शहरातल्या कचेरीचे भाडे वीजबिलाच्या कितीतरी पट असते. कोणते टेबल दिवसात किती वेळ रिकामे राहते हे सेन्सरला माहीत असते. ते कळले तर टेबले कमी करून भाडे वाचवता येते. ॲमस्टरडॅममधील ‘द एज’ ही इमारत अशा जाळ्यात गुंफलेल्या हजारो दिव्यांसाठी गाजली. दुसरी बाजू लंडनमध्ये दिसली. जानेवारी २०१६ मध्ये ‘डेली टेलिग्राफ’ वृत्तपत्राच्या कचेरीत पत्रकारांच्या टेबलांखाली माणूस ओळखणाऱ्या डब्या बसवल्या गेल्या. व्यवस्थापनाने जागेच्या व ऊर्जेच्या वापराचे कारण दिले. पत्रकारांना ती पाळत वाटली. बोभाटा झाला आणि डब्या काढून घ्याव्या लागल्या.

‘खोलीत कोणी आहे का?’ हा प्रश्न आणि ‘अमका किती वाजता जागेवर नव्हता?’ हा प्रश्न, दोहोंसाठी लागणारी डबी एकच आहे. दिव्यासाठी पहिला प्रश्न पुरे. म्हणून असे यंत्र घेताना ते माहिती साठवते का, आणि साठवत असेल तर ती कोण वाचणार, हे आधी विचारून ठरवावे.

आपल्याकडे काय करावे?

वरील विवेचनावरून माझी सूचना अशी. जेथे माणसे थोडा वेळ येतात, हालचाल करतात आणि दिवा आपला समजत नाहीत, तेथे सेन्सर शोभतो: स्वच्छतागृहे, साठवणीच्या खोल्या, वाहनतळ. वर्गांत दिवा-पंखा लावण्याचे काम हाताचे असावे आणि विझवण्याचे यंत्राचे. म्हणजे भर दुपारी उजेड असताना कोणी दारावरून गेले म्हणून दिवे लागणार नाहीत. तास संपण्याचे वेळापत्रक आपल्याकडे आहेच. नरसिंहपूरच्या फलाटाप्रमाणे त्याचाही उपयोग करता येईल.

अभ्यासिकेत उबेचा सेन्सर मुळीच नको. जेथे शांत बसणे हेच काम आहे, तेथे शांत बसणाऱ्याला गैरहजर ठरवणारे यंत्र काय कामाचे? तेथे शिपाईमामाच बरे.

जिने, व्हरांडे आणि वसतिगृहाची वाट यांबद्दल विद्यार्थिनी म्हणून मला वेगळे सांगावयाचे आहे. पुढे पूर्ण अंधार आहे, आपण पाऊल टाकल्यावर दिवा लागणार आहे, असे कागदावर ठीक दिसते. रात्री नऊ वाजता ग्रंथालयातून एकटीने परतणारी मुलगी मात्र पाऊल टाकण्यापूर्वीच पुढे कोणी उभे आहे का हे पाहू इच्छिते. अशा वाटेवर दिवे मंद व्हावेत, विझू नयेत. तीस टक्के उजेड कायम ठेवून माणूस आला की पूर्ण करावा. एलईडीच्या काळात त्या तीस टक्क्यांचे बिल फार येत नाही, आणि जे येईल ते वाया गेले असे कोणत्याही जमाखर्चात धरू नये.

यंत्र कितीही सुधारले तरी त्याला एकच नियम लावून पाहावा: शंका आली तर माणूस आहे असे ते धरते का? धरत असेल तर घ्यावे. नसेल तर स्वस्तात मिळाले तरी घेऊ नये.

— बी. कॉम. भाग दोनची एक विद्यार्थिनी